पार्ल्याची गल्ली आणि शेठची वही

आमचे गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले. तिथे पाऊस पाहुण्यासारखा येतो. आला तर आला. पण माझे लहानपण गेले ते मुंबईच्या उपनगरात, विलेपार्ल्याला. आबा तिथे एका कारखान्यात फिटर होते. 1979 साली ते नोकरीतून मोकळे झाले आणि आम्ही बिऱ्हाड आवरून गावी आलो. तेव्हापासून मी शेतीच करतो. लग्नकार्याला किंवा दवाखान्यासाठी मुंबईला जाणे झाले, पण त्या गल्लीत पुन्हा पाऊल पडले नव्हते. गेल्या उन्हाळ्यात ते पडले. हातात दहा किलो नव्या शाळूची पिशवी होती. ती कशासाठी, ते पुढे सांगतो.

पार्ले 1950 साली मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले. तरी आमच्या लहानपणी त्याचा गावपणा गेलेला नव्हता. कौलारू चाळी, मध्येच एखादा बंगला, त्याच्या आवारात विहीर, आंबा, जांभूळ. सांताक्रूझचा विमानतळ जवळ, त्यामुळे विमाने कौलांना घासून जातात की काय असे वाटे. गावाहून आलेली आजी पहिले दोन दिवस विमान आले की पदर डोक्यावर ओढून घेई.

पार्ल्याची खरी खूण मात्र डोळ्यांनी नव्हे, नाकाने पटे. रेल्वेच्या रुळांलगत बिस्किटांचा कारखाना होता. 1929 साली गोळ्या-पेपरमिंटपासून त्याची सुरुवात झाली, आणि 1939 च्या सुमारास तिथे बिस्किटे होऊ लागली. गावाच्या नावावरून बिस्किटाला नाव मिळाले आणि ते देशभर गेले. पश्चिमेचा वारा सुटला की भाजलेल्या बिस्किटांचा गोड वास आमच्या चाळीपर्यंत येई. गाडीत डुलक्या घेणारा माणूससुद्धा त्या वासाने जागा होई, ‘पार्ले आले’ म्हणे. आम्हा पोरांना बिस्किट क्वचितच मिळे, पण वास फुकट होता.

दिवस उजाडायच्या आधीच दूधकेंद्रावर रांग लागे. माणसे नव्हे, वस्तू रांगेत असत: कुणाची पिशवी, कुणाची रिकामी बाटली, कुणाचा नुसता दगड. दगड कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक असे आणि तो कुणी हलवत नसे. दूध आरे वसाहतीचे. शहरातले म्हशींचे गोठे बाहेर न्यावेत म्हणून गोरेगावजवळ ही वसाहत वसवली, 1951 साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. काचेच्या बाटलीतले दूध, वर पातळ पत्र्याचे झाकण. ती झाकणे धुऊन, जोडून आम्ही दिवाळीचा आकाशकंदील करायचो. पुढे बाटली गेली, प्लॅस्टिकची पिशवी आली, आणि रांगेतले दगडही गेले.

केंद्राच्या पुढे कोळशाची वखार. दारातच मोठा लोखंडी तराजू आणि आत काळोख. वखारवाल्याचे फक्त डोळे आणि दात पांढरे दिसत. आई मला कोळसा आणायला पाठवी तेव्हा बजावून सांगे, “भुगा नको म्हणावं, खडे दे म्हणावं.” तो कोळसा येतो कुठून हे तेव्हा कुणी विचारले नाही. पुष्कळ वर्षांनी कळले, की ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या जंगलांत कातकरी कुटुंबे भट्ट्या लावत. व्यापाऱ्याकडून उचल घेत आणि ती फेडण्यात त्यांचा हंगाम जाई. आमच्या शेगडीवरच्या भाकरीमागे कुणाची तरी न फिटणारी उधारी होती. गॅस घरोघर आला तशी वखार बंद पडली. तिच्याबद्दल हळहळ वाटते असे मी म्हणणार नाही. आईचा खोकला वखारीबरोबरच गेला.

सकाळच्या गाडीने वसईच्या बायका येत. डोईवर पाट्या, त्यांत वांगी, पालेभाजी, केळी, नागवेलीची पाने, मोगऱ्याच्या कळ्या. आपल्या वाडीतला माल त्या स्वतःच विकत. आई शेतकऱ्याची लेक, त्यामुळे तिची भाजीखरेदी कमी आणि पीकपाण्याची चौकशी जास्त. पाऊस किती, विहिरीला पाणी किती, कीड पडली का. एखादी वसईवाली बोलता बोलता मूठभर भाजी वर टाकी. गल्लीत आणखीही दुकाने होती. तासावर सायकल भाड्याने देणारा, गाद्या पिंजणारा, आणि वडाखाली भाता लावून बसणारा कल्हईवाला. नवसागराचा धूर निघाला की काळे पातेले क्षणात चांदीचे होई. घरात स्टेनलेस स्टील आले आणि त्याचा भाता थांबला.

या सगळ्यांच्या मध्ये होते शेठचे वाणसामानाचे दुकान.

शेठ कच्छकडचे. अंगात बंडी, डोक्यावर काळी टोपी, मराठी मोडकी पण हिशेब पक्का. दुकानापुढे तोंडे दुमडलेली पोती ओळीने उभी असत. छताला दोऱ्याचा गुंडा टांगलेला. जुन्या वर्तमानपत्राची पुडी बांधून, दोरा तोडून ती हातात ठेवेपर्यंत शेठ पुढच्या गिऱ्हाइकाचे ऐकत असत. किलो-ग्रॅमची वजने येऊन बरीच वर्षे झाली होती, तरी आजी पावशेर-छटाकच मागे आणि शेठ न चुकता किलोत तोलत. गादीवर लाल कापडाच्या बांधणीची वही. त्यात आमच्या चाळीतल्या बहुतेक घरांची पाने होती.

उधारीचे गोडवे मी गाणार नाही. उधार नेणाऱ्याला भाव करता येत नसे आणि पोत्यातला माल निवडता येत नसे. पगाराच्या दिवशी निम्मा पगार त्या लाल वहीत जाई. आपल्याकडे हंगामावर दुकानदाराची बाकी भागवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. आईला ती वही आवडत नसे. “आपलं पान कोरं असावं,” असे ती म्हणे.

मग 1972 चा दुष्काळ पडला.

दर वर्षी उन्हाळ्यात गावाहून ज्वारीची दोन पोती एस. टी.च्या टपावरून येत, त्यावर आमचे वर्षाचे निम्मे भागे. त्या वर्षी पोती आली नाहीत. उलट चुलता-चुलती खडी फोडायच्या कामावर गेल्याचे पत्र आले. आबा जमेल तशी मनिऑर्डर करू लागले. आणि 1973 च्या सुरुवातीला आबांच्या कारखान्याला टाळे लागले. मालक आणि कामगारांचे बिनसले होते. चूक कुणाची हे मला आजही सांगता येत नाही. तीन महिने पगार नाही. गावात धान्य नाही, मुंबईत पैसा नाही, दोन्हीकडची दारे एकदमच बंद झाली.

रेशनवर तेव्हा अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळे. तिच्या पिठाला चिकटपणा नाही. भाकरी थापताना चिरे, तव्यावर टाकताना तुटे. आई ते तुकडे जोडून भाजी आणि म्हणे, “खा, पोटात गेल्यावर तुटलेलीच असते.” त्यातही रेशन महिनाभर पुरत नसे.

आबा एका संध्याकाळी शेठकडे गेले. मी बरोबर होतो, बारा वर्षांचा. आबांनी खरी गोष्ट सांगितली, की कारखाना कधी उघडेल ठाऊक नाही. शेठ थोडा वेळ वहीकडे पाहत बसले. मग म्हणाले, “तेल, साखर, डाळ जपून न्या. लिहून ठेवतो.” आम्ही निघालो तेव्हा त्यांनी मला मागे बोलावले. दुकानामागेच त्यांचे घर होते. आतल्या पोत्यातली दोन मापे बाजरी त्यांनी माझ्या पिशवीत ओतली. पुढे दर आठवड्याला मी जाई आणि शेठ आतून बाजरी आणून देत. आई प्रत्येक वेळी चुलीमागच्या भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढी. कुणाचे अन्न मोजल्याशिवाय खायचे नाही, हा तिचा नेम.

कारखाना उघडला. आबांनी दीड वर्षात थोडी थोडी करून बाकी फेडली. शेवटच्या दिवशी शेठनी वही पुढे केली. 286 रुपये एकूण, सगळे जमा. आबा म्हणाले, “शेठ, यात बाजरी दिसत नाही. आमच्या भिंतीवर तेरा रेघा आहेत.”

शेठ म्हणाले, “बाजरी दुकानाची नव्हती भाऊ, घरची होती. घरची वस्तू वहीत कशी लिहू?”

आबांना काही बोलता आले नाही. पुढल्या सुगीला गावाहून पहिले पोते आले, तेव्हा त्यांनी दोन पायली शाळू शेठच्या घरी नेऊन दिला. दुकानाच्या दारातून नव्हे, मागच्या दारातून. पार्ल्यात होतो तोवर हे चुकले नाही. गावी आल्यावर दोन-तीन वर्षे कुणा ना कुणाबरोबर शाळू पाठवला. मग ते राहून गेले. मध्ये विहीर खणणे आले, बहिणीचे लग्न आले. कारणांना काही तोटा नसतो. 2008 साली आबा गेले. अंथरुणावर असताना एकदा म्हणाले, “त्या तेरा रेघा ध्यानात ठेव.” मी हो म्हणालो आणि त्यानंतरही कित्येक वर्षे घालवली.

गेल्या उन्हाळ्यात पुतण्याच्या लग्नाला मुंबईला गेलो, तेव्हा पिशवी भरून घेतली. पार्ल्याला उतरलो आणि आधी नाकाला चुकल्यासारखे झाले. वास नव्हता. तो कारखाना 2016 साली बंद झाला हे वाचले होते, पण वाचणे वेगळे. गल्ली सापडायला अर्धा तास लागला. 1991 च्या बांधकाम नियमांनी शहरातला बांधकामाचा हक्क उपनगरात आणून वापरण्याची सोय झाली. त्यानंतर चाळी आणि बंगले पाडून मजल्यांवर मजले चढले. चाळीतल्या माणसांना त्यात पक्की घरे आणि घरात नळ मिळाला, ते चांगलेच झाले. पण गल्लीच्या तोंडाला उघडणारी ती दारे गेली. शेठचे दुकान होते तिथे आता एका इमारतीच्या मोटारी उभ्या असतात. पहारेकऱ्याने मला विचारले, “कुणाकडे जायचंय?” मला उत्तर देता आले नाही.

कोपऱ्यावरची पिठाची गिरणी तेवढी तशीच होती. पट्ट्याचा तोच आवाज, भिंतीवर तेच पांढरे थर. गिरणीवाल्याच्या वडिलांपासून ती त्यांच्याकडे. शेठचे नाव काढताच त्याने पट्टा थांबवला. इमारत पाडली तेव्हा शेठच्या मुलांनी दुकानाचे पैसे घेतले आणि ते लांब कुठे राहायला गेले. शेठ त्याच्या आधीच वारले. पत्ता कुणाकडे नाही.

मी पिशवी घेऊन तसाच उभा राहिलो. अखेर गिरणीवाला म्हणाला, “आणलाच आहे तर दळून द्या कुणाला तरी.” शाळू दळला. दळणाचे पैसे त्याने घेतले, मीही दिले. पीठ बहिणीच्या घरी नेले. रात्री तिने भाकऱ्या केल्या, भावंडे जेवलो, आणि तेरा रेघांची गोष्ट तिच्या नातवंडांना सांगितली. त्यांचे घरसामान फोनवरून मागवले की दाराशी येते. एकाने विचारले, “पण आजोबा, त्यांनी लिहिलंच नव्हतं, तर मग द्यायचं काय राहिलं?” त्याला मी समजावले खरे, पण नीट जमले नाही.

घरी परतल्यावर एक काम केले. आमच्या गावात चावडीजवळ एक जुने दुकान आहे. मालक थकलेत, मुलगा पुण्याला असतो. मागच्या दुष्काळात त्यांनी आम्हाला पेंड आणि मिठाचे खडे दिले होते. त्यातले काही लिहिले होते, काही नव्हते. लिहिलेले कधीच फेडले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळूची दुसरी पिशवी भरली आणि त्यांच्या घराच्या मागच्या दाराने आत गेलो. ते चहा घेत होते. “कशाचा रे हा?” त्यांनी विचारले.

म्हटले, “घरचा आहे, वहीत लिहू नका.”