विकतचे जुनेर

गेल्या दिवाळीची गोष्ट. लेकीला कपडे घ्यायला नव्या पेठेतल्या एका दुकानात गेलो होतो. तिने पसंत केलेली जीन्स मी उजेडात धरून पाहिली. मांड्यांवरचा रंग विटलेला, दोन्ही गुडघे फाटलेले आणि फाटक्या जागी पांढरे दोरे लोंबणारे. मी दुकानदाराला हलकेच म्हटले, "जरा चांगली दाखवा."

"मास्तर, हीच चांगली आहे की हो! धड पाहिजे तर स्वस्तात देतो."

म्हणजे फाटल्याचे पैसे वर! ते मोजले आणि मुकाट्याने घरी आलो.

आमच्या लहानपणी दिवाळीला वर्षाचा एकच जोड मिळे. 'वाढत्या अंगाचा आहे' असे शिंप्याला बजावून तो शिवलेला असे. पहिल्या वर्षी मी त्यात हरवून जाई आणि तिसऱ्या वर्षी चड्डीच्या बुडाला ठिगळ लागे. गुरुजींनी फळ्याशी बोलावले की मी वर्गाकडे तोंड ठेवून खेकड्यासारखा तिरपा चालत जाई. अण्णांच्या सदऱ्याची कॉलर झिजली की आई ती उसवून उलटी लावी. तिचे स्वतःचे लुगडे फाटले की त्याला दंड घाली, आणि तेही विरले की ते जुनेर वाकळीत जाई. फाटके दिसू नये म्हणून घरातली सुई रात्रंदिवस जागी असे.

अण्णा इथल्या एका गिरणीत मागावर होते. त्यांचा सदरा नेहमी पोटापाशी विरे; तुटलेला धागा सांधायला वाकताना तिथेच माग घासला जाई. आईला कपड्यावरून माणूस कळे. बोहारणीचे गाठोडे सुटले की ती सांगे, "हे बूड झिजलंय, कारकुनाचं असणार. हा खांदा हमालाचा."

त्या आईने नातीची जीन्स हातात घेऊन चाचपली. म्हणाली, "गुडघे गेले आणि बूड कोरं करकरीत! मग हिला झिजवली कुणी?"

प्रश्न गमतीचा होता. शोधायला गेलो तर उत्तर गमतीचे निघाले नाही. जीन्स मुळात मजुरांची. त्यांच्या विजारी ताणाच्या जागी उसवू नयेत म्हणून तांब्याच्या खिळ्या ठोकण्याचे पेटंट अमेरिकेत लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी १८७३ साली घेतले. इंग्रजीतला 'डंगरी' हा शब्द तर आपल्या मुंबईच्या डोंगरीतल्या जाड्याभरड्या कापडावरून गेलेला. आता तेच टिकाऊ कापड कारखान्यात सच्छिद्र दगडांबरोबर घुसळतात, काचकागदाने घासतात. तुर्कस्तानात त्यावर वाळूचा झोत मारीत. ती धूळ तरुण कामगारांच्या फुप्फुसांत बसली, सिलिकोसिसने माणसे दगावली, तेव्हा २००९ मध्ये तिथे ही रीत बंद करण्यात आली.

हे वाचताना अण्णांचा खोकला आठवला. कापसाची तूस छातीत घेऊन ते रात्र रात्र उठून बसत. पण त्यांच्या धुळीतून निदान धड कापड तरी निघत होते. धडाचे फाटके करण्यासाठी कुणी छाती जाळावी, हे मला सोसेना.

लेकीला सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकले. म्हणाली, "बाबा, ती धूळ वाईटच. पण तुम्हाला ठिगळाची लाज वाटायची, आम्हाला वाटत नाही. तेही वाईट का?"

मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात मात्र नजर शेवटच्या बाकावर गेली. गावोगावच्या शाळांचे गणवेश शिवणाऱ्या आमच्या या सोलापुरात एक मुलगा गुडघ्यावर वही आडवी धरून बसला होता. ती लाज अजून गेलेली नाही. ज्याच्या पेटीत धड कपडा असतो, त्यालाच फाटके मिरवता येते.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत ती जीन्स पुन्हा आईच्या हाती आली. उजव्या खिशावर मोबाइलचा चौकोन उमटला होता. कॉलेजच्या बाकांवर घासून बूडही विरू लागले होते. आईने त्यावरून सावकाश बोट फिरवले.

"आता झाली ही आपल्या पोरीची," ती म्हणाली. "बोहारणीला देऊ नकोस हं."