बदलून बघण्याआधी

जुनी गाडी सकाळी सुरू व्हायला त्रास देत असेल, चढाला अडखळत असेल, तर ज्याच्यावर संशय तो पार्ट बदलावा, फरक पडला तर ठीक, नाही तर पुढचा बदलावा, असं मी बरीच वर्षं मानत आलो. मोजून-तपासून दोष शोधणं ही शहरातली चैन वाटायची. तिथे स्कॅनर आहेत, मोठी वर्कशॉप आहेत. आमच्या मोखाड्यात मेकॅनिकचा कान आणि अंदाज यांवरच भागवायचं. आणि आवाज ऐकताक्षणी जो दोषाचं नाव सांगतो तोच खरा मेकॅनिक, अशीही माझी पक्की समजूत होती.

आज माझं मत नेमकं उलटं आहे. अंदाज परवडतो तो शहरालाच. नाशिकला किंवा ठाण्याला चुकीची कॉइल आणली तर दुकान पलीकडच्या गल्लीत असतं, तासाभरात दुसरी मिळते. जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. गाड्या जुन्या होत जातात तसे त्यांचे पार्ट इथल्या दुकानांतून दिसेनासे होतात. मग नाशिकला निरोप द्यायचा, कुणीतरी ते त्र्यंबकवरून, तोरंगण घाट उतरून एसटीने नाही तर जीपने आणायचं. पार्ट चुकीचा निघाला की हे सगळं पहिल्यापासून. इथे महाग आहे तो पार्ट आणि त्याच्यामागे जाणारे दिवस. तपासणी स्वस्त आहे. काही शे रुपयांचा मल्टीमीटर, एक बॅटरी आणि प्लगपाना एवढ्यावर ती होते.

दिवस जाणं ही साधी गोष्ट नाही. या भागात अजूनही असे पाडे आहेत, जिथून बाळंतीण किंवा आजारी माणूस डोलीतून रस्त्यापर्यंत आणावा लागतो. रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीने पहिल्या सेल्फला धरलं पाहिजे. पुढे जव्हारचं पतंगशहा कुटीर रुग्णालय गाठायचं असतं, कधी थेट नाशिक. ज्या गावात एकच चारचाकी आहे, तिथे तिचं स्टार्टिंग हा मालकाचा खासगी प्रश्न राहत नाही. म्हणून मला या विषयाची इतकी ओढ आहे.

माझं मत बदललं ते एका निवृत्त एसटी मेकॅनिकमुळे. आमची जुनी, कार्ब्युरेटरवाली व्हॅन सकाळी बराच वेळ सेल्फ मारल्याशिवाय धरायची नाही आणि दिवसभर पेडल दाबताच गचका द्यायची. प्लग नवे होते, कंडेन्सर नवा होता. काकांनी बॉनेटला हातही लावला नाही, आधी विचारायला लागले. “सर, फक्त सकाळीच त्रास देते की दुपारी गरम असतानाही? गचका पेडल दाबल्या दाबल्या येतो की घाटात लोड आल्यावर?” मी म्हटलं, “काका, दोष काय असेल ते तरी सांगा.” ते म्हणाले, “ते आत्ता नाही सांगता येणार. उद्या सकाळी सेल्फ मारायच्या आधी मला बोलवा.”

मला पूर्वी वाटायचं तसा ‘खरा मेकॅनिक’ असता तर त्याने तिथल्या तिथे दोषांची तीन नावं घेतली असती. काकांचं “आत्ता नाही सांगता येणार” हेच आज मला मोठ्या जाणकारीचं लक्षण वाटतं.

त्यांचे प्रश्न किती नेमके होते ते मला नंतर कळलं. पेडल दाबलं की हवा लगेच आत धावते, पेट्रोल क्षणभर मागे राहतं आणि मिश्रण पातळ होतं. ती उणीव भरायला कार्ब्युरेटरमध्ये एक छोटा पंप असतो. तो पेडलबरोबर पेट्रोलची चिळकांडी सोडतो. तो कमजोर झाला की गचका पेडल दाबल्या दाबल्याच येतो. घाटात लोडवर येणारा गचका वेगळा. तिथे सिलिंडरमधला दाब वाढलेला असतो आणि ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून सपाटीला गुपचूप चालणारी कमजोर कॉइल किंवा वाढलेली प्लगची गॅप चढाला उघडी पडते. किंवा मग पेट्रोलच पुरेसं चढत नसतं. तक्रार एकच, ‘पिकअप नाही’, पण शोधायच्या जागा वेगळ्या.

सकाळी काका आले. इंजिन बंद, एअर फिल्टरचं झाकण काढलेलं, आसपास कुणी विडी ओढणारं नाही. त्यांनी मला कार्ब्युरेटरच्या तोंडात बॅटरीचा उजेड टाकायला सांगितला आणि हाताने थ्रॉटल उघडला. चिळकांडी आलीच नाही. म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाटी रात्रीतून रिकामी झाली होती. मग गाडी सुरू करून, बंद करून पुन्हा पाहिलं तेव्हा एक लुळी धार आली. एका बिनपैशाच्या नजरेत दोन्ही तक्रारींचा माग लागला. त्या छोट्या पंपाचा रबरी पडदा फाटला होता. रात्रभर तिथून पेट्रोल झिरपत होतं आणि दिवसा धार कमी पडत होती. बाहेरच्या बाजूला ओलसर डाग होता, तो आम्ही सगळे ग्रीस समजून पुसत आलो होतो.

त्यानंतर मी इतरांच्या गाड्या पाहायला लागलो. सेल्फ मारताना बॅटरीच्या टोकांवर मीटर धरायचा. पूर्ण चार्ज बॅटरी निवांत असताना 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्याही खाली घसरली, तर कॉइललाही व्होल्टेज कमी पडतं आणि ठिणगी मंद होते. अशा वेळी प्लग बदलून काय होणार? बॅटरी चांगली निघाली तर मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या धातूला लावून पुन्हा सेल्फ मारायचा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर अर्थची पट्टी गंजली आहे. आमच्या पावसात ती गंजतेच. पावसाळ्यात बंद पडणाऱ्या गाडीचं बॉनेट मी अंधारात उघडायला सांगतो. इंजिन चालू असताना डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपवर किंवा वायरींवर निळसर ठिणग्या सरपटताना दिसल्या, तर करंट प्लगपर्यंत पोचायच्या आधीच पळतोय.

इंजेक्शनच्या गाड्यांना हे लागू नाही, असं मला सांगितलं जातं. 2000 साली नवे प्रदूषण-नियम आले आणि पेट्रोल कारमधून कार्ब्युरेटर हळूहळू गेला, हे खरं. त्या गाड्याही आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. स्कॅनर ‘मिश्रण पातळ’ असा कोड देतो, पण हवा कुठून शिरते की पेट्रोल कुठे अडतंय, हे शोधायला पुन्हा माणूसच लागतो. रात्रभर थंड झालेल्या इंजिनाचं तापमान सेन्सर बाहेरच्या हवेपेक्षा फार वेगळं दाखवत असेल, तर सकाळचं स्टार्टिंग का बिघडलं याचा धागा तिथेच सापडतो. स्कॅनरचा हा उपयोग मला पटतो. कोड वाचून थेट पार्ट मागवणं ही मात्र जुन्याच अंदाजाची नवी तऱ्हा आहे.

एका बाबतीत मी अजूनही तपासत बसत नाही. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. ते फुगतं, कडक होतं, चिरतं. इथेनॉल पाणीही ओढून घेतं. पावसाळ्यात दीर्घकाळ उभ्या गाडीच्या टाकीत पाण्यासह ते तळाशी बसतं आणि पेट्रोल ओढणारी नळी नेमकी तळाशीच असते. म्हणून पेट्रोलचे जुने पाइप, क्लिपा आणि फिल्टर मी दोष असो-नसो आधी बदलायला लावतो. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकलं तर गाडी पेटू शकते, आणि गाडीत माणसं असतात. काकांशी यावर माझा वाद होतो. ते म्हणतात, तेही आधी नीट हाताने चाचपून बघावं. मी ऐकत नाही.