मुर्ग्याच्या पलीकडे

नव्या संडासाचा विचार बहुतेक घरांत दुकानातल्या भांड्यापासून सुरू होतो. देशी की कमोड, पांढरं की बदामी, टाइल्स कमरेपर्यंत की छतापर्यंत, यात आठवडा जातो. खड्डा मात्र मिस्त्री म्हणेल तसा. हा क्रम उलटा आहे. भांड्याखालच्या वाकड्या नळीत थोडं पाणी कायम अडकून राहतं. तिला छत्तीसगडचे गवंडी मुर्गा म्हणतात. खड्ड्यातला वास त्या पाण्यापाशी थांबतो, आणि घरमालकाचा विचारही. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या आखीव वसाहतीत सांडपाण्याची वाट नकाशावरच ठरते. कडेने वाढलेल्या बोरसीसारख्या वस्तीत, गटारवाहिनी दारापर्यंत आली नसेल तर, ती वाट ज्याने त्याने आपल्या अंगणात शोधायची. छत्तीसगडचा शेतकरी भाठा, मटासी, डोरसा, कन्हार अशी जमीन नावानिशी ओळखतो. मुरमाड भाठ्यात पाणी चटकन जिरतं. काळ्या, चिकट कन्हारात तेच रेंगाळतं, म्हणून तिथे शोषखड्डा मोठा हवा. धान पेरताना मातीला विचारणारी माणसं संडास बांधताना तिला विचारत नाहीत, याची गंमत वाटते. खरं तर भांडंसुद्धा खड्ड्यानेच निवडायला हवं: जास्त उताराच्या ग्रामीण भांड्याला दीड-दोन लिटर पाणी पुरतं, आणि पाणी कमी तितका खड्ड्यावरचा भार कमी.

यावर ठरलेलं उत्तर येतं: मोठी टाकी बांधा, वीस वर्षं बघायला नको. हे ‘बघायला नको’ फार महाग पडतं. टाकीत मैला तळाशी बसतो, संपत नाही. बाहेर पडणारं पाणी गढूळ नसलं तरी निर्मळ नसतं, ते उघड्या नालीत सोडलं की आपली घाण शेजाऱ्याच्या दारात गेली एवढंच. टाकी तुंबते तेव्हा आत विषारी वायू साठलेला असतो, आणि आजवर तिच्यात उतरवला गेलेला माणूस बहुधा ठराविक जातींतलाच असे. २०१३ च्या कायद्याने अशा धोकादायक सफाईला माणूस लावण्यास बंदी आहे. तरी टाकीचं माप ठरवताना हा कायदा कुणाला आठवत नाही. कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं खत करणाऱ्या संडासांचा ध्यास घेतला तो याच कारणासाठी: एकाची घाण दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊ नये.

दोन शोषखड्डे आळीपाळीने वापरण्याची पद्धत त्याच वाटेवरची. विहिरीचं पाणी बिघडेल, ही शंका मात्र रास्त आहे. पाणवठा दहा मीटरच्या आत असेल किंवा भूजल अगदी वर असेल, तर हा हट्ट सोडावा, आणि टाकी बांधून यंत्राने वेळच्या वेळी उपसून घ्यावी. जागा नाही, ही तक्रार मला तितकी पटत नाही. मीटरभर व्यासाचे दोन खड्डे अंगणाच्या फरशीखालीही मावतात. पैशाचं म्हणाल तर, धमतरी जिल्ह्यातल्या कोटाभर्रीच्या कुंवरबाईंनी शंभरी ओलांडल्यावर बकऱ्या विकून संडास बांधला, त्याचं २०१६ मध्ये देशभर कौतुक झालं. पैसा मोजकाच असला की तो टाइल्सवर जाऊ नये, एवढं तरी त्यातून दिसतं. एक खड्डा भरला की मधल्या चेंबरमध्ये वाट बदलायची, भरलेला दीड-दोन वर्षं झाकून ठेवायचा. मग निघतं ते काळसर, भुसभुशीत, बिनवासाचं खत, जे घरचाच माणूस फावड्याने काढून पपईच्या आळ्यात टाकू शकतो.