न फोडलेले पाकीट

दिवाळीत निदान एक आकाशकंदील घरी झाला पाहिजे, असा माझा हट्ट आहे. घरातल्या तरुण मंडळींना तो परंपरेचा अभिमान वाटतो आणि मीही त्यांचा गैरसमज दूर करीत नाही. खरे कारण अगदी स्वार्थी आहे. कंदील दांडीवर चढला, की खाली सतरंजीवर कागदाची जी कातरणे उरतात, ती मला हवी असतात. त्यांची मी पाकिटे करते. पत्राची पाकिटे.

तुम्ही म्हणाल, या दिवसांत पाकिटे कोणाला लागतात? फक्त दोघींना लागतात, मला आणि आमच्या वन्संना.

माझे लग्न १९६८ साली झाले आणि पुढच्याच वर्षी वन्सं लग्न होऊन इंदूरला गेल्या. पहिला दिवाळसण माहेरी झाला. दुसऱ्या दिवाळीला मात्र त्यांना येता आले नाही. ह्यांनी भाऊबीजेची ओवाळणी मनीऑर्डरने पाठविली. मनीऑर्डरच्या फॉर्मात माया किती मावणार? म्हणून मी कंदिलाच्या उरलेल्या कागदाचे एक पाकीट केले आणि त्यात चार ओळी घालून धाडले. आठवड्याभरात साडीच्या खोक्यातल्या सोनेरी कागदाचे पाकीट उलट टपाली आले. आत एकच वाक्य होते : "वहिनी, तुमचं पाकीट बघायला शेजारच्या चौघी येऊन गेल्या." झाले! त्या दिवसापासून आमच्यात जी चढाओढ लागली, ती आजतागायत संपलेली नाही.

पाकीट करणे सोपे आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ते केलेले नसते. एखादे जुने पाकीट सांध्यांवर अलगद उकलले, की चार पाळ्यांचा कागद समोर उलगडतो. तो झाला नमुना. पण कागदालाही कापडासारखा उभा-आडवा असतो. उभ्या धाग्यावर घडी मऊ बसते, आडव्यावर तीच घडी तडकते. खळ मैद्याची शिजवावी आणि तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकावा, नाहीतर पत्र वाचण्याआधी कसर ते खाऊन टाकते. खळ पातळ लावावी. सढळ हात झाला, की कागद आजीच्या गालासारखा सुरकुततो. मग सगळे एखाद्या जाडजूड ग्रंथाखाली रात्रभर दाबून ठेवावे. आमच्या घरातला शब्दकोश इतर कोणत्याही कारणाने इतक्या वेळा हलला नसेल.

शिवाय पोस्टाची मर्जी सांभाळावी लागते ती वेगळीच. पत्त्यासाठी पांढरी पट्टी आणि तिकिटासाठी उजवा कोपरा मोकळा सोडायचा. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला, तेव्हा त्या सहा आकड्यांनी माझी एक वेलबुट्टी कायमची खाल्ली. एकदा मी टिकल्या आणि जर इतकी चिकटविली, की पाकीट वजनात न बसता नॉटपेड झाले आणि कमी पडलेल्या तिकिटाच्या दुप्पट पैसे वन्संना मोजावे लागले. त्यांनी ती रक्कम पुढच्या पत्रात हिशेबासकट कळविली.

सजविलेल्या पाकिटाचे हसे होणे ही काही नवी गोष्ट नाही. १८४० साली इंग्लंडात पहिले तिकीट निघाले, त्याबरोबर सरकारने मुलरेडी नावाच्या नामांकित चित्रकाराकडून एक चित्रमय पाकीटही काढून घेतले. मधोमध ब्रिटानिया बसलेली, ती चहूकडे दूत धाडते आहे आणि बाजूला हत्ती, उंट, असा मोठा थाट होता. लोकांनी त्याची इतकी टवाळी केली, की सरकारला ते मागे घ्यावे लागले. साधे तिकीट मात्र टिकले. मला त्या चित्रकाराची कीव येते, पण लोकांचेही पटते. सर्वांनी सर्वांना धाडायचे ते पाकीट सजवून काय उपयोग? सजावट करायची ती एका माणसासाठी.

असे म्हणणाऱ्या मीच त्या एका माणसाशी काय केले, ते आता सांगितले पाहिजे.

पाकिटे जितकी देखणी होऊ लागली, तितकी ती फोडणे माझ्या जिवावर येऊ लागले. मी ती किटलीच्या वाफेवर धरून उकलीत असे आणि वाचून झाल्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवीत असे. पुढे घरी टेलिफोन आला. खुशाली त्यावरच कळे. पत्रात नवे काही नसे. पत्र हे पाकिटाचे निमित्त होऊन बसले.

१९९९ च्या श्रावणात एक पाकीट आले. जास्वंदीची फुले रंगविलेली होती आणि रंग रेषा ओलांडून बाहेर सांडले होते. पत्त्याची अक्षरेही नेहमीपेक्षा मोठी, वाहती. मला ती वन्संची नवी तऱ्हा वाटली. मी ते चार जणींना दाखविले आणि सणावाराची गडबड सरली की सावकाश उकलू म्हणून डब्यात ठेवले.

त्या दिवाळीला भाऊबीजेचे कुंकू आले, ते दुकानातल्या पांढऱ्या पाकिटातून. मला चुकल्यासारखे वाटले. मागचे पाकीट पाहावे म्हणून डबा उघडला. जास्वंद हाती आली, आणि ती न फोडलेलीच होती.

आत चार ओळी होत्या. साखरेमुळे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला आहे. भाद्रपदात एका डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. यजमान गेल्यापासून घरात कोणी नाही, मन घाबरते. फोन दादाच उचलतो आणि त्याला उगीच काळजी, म्हणून लिहिते. "आठ दिवस याल का, वहिनी?"

मी त्याच रात्रीच्या बसने इंदूरला गेले. वन्संनी दार उघडले. शस्त्रक्रिया एकटीने उरकून दोन महिने झाले होते. मी सगळे सांगितले. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्हाला जमणार नसेल. नाही म्हणणं जड जातं माणसाला." थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, "पाकीट कसं झालं होतं हो? मला नीटसं दिसत नव्हतं. रंग बाहेर गेले होते का?"

"मला ती नवी तऱ्हा वाटली," मी म्हटले.

वन्सं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मला हसता आले नाही. न उकललेल्या पत्रापेक्षा ही गोष्ट मला अधिक लागली. पत्र आत बंद होते, पण वरचे तर उघडेच होते. सगळे त्या सांडलेल्या रंगात लिहिलेले होते आणि मी त्याचे कौतुक करीत बसले होते.

आता वन्संच्या प्रत्येक पाकिटाच्या पाठीवर लाल अक्षरांत असते : "आधी फोडा." माझ्या डब्यातली अलीकडची सगळी पाकिटे एका बाजूने वेडीवाकडी फाटलेली आहेत. टेलिफोन वाजला तर वाजो, किटली तापो न तापो, पाकीट हाती पडले की मी उभ्या उभ्याच ते बोटाने टरकावते. पोस्टमन नवा आहे. परवा तो हळहळून म्हणाला, "आजी, एवढं छान पाकीट, कातरीनं तरी कापायचं!"

त्याला काय सांगणार? मी म्हटले, "बाळ, कातर आणायला आत जावं लागतं."