वंशवृक्षांतील रिकामी जागा

कुलवृत्तांत छापण्याची हौस आपल्या घराण्यांना नवी नाहीं. मूळ पुरुष कोण, तो कोंकणांतून घाटावर केव्हां आला, हें सांगणारीं जाड पुस्तकें पुष्कळ घरांत आहेत. आमचे थोरले काका गेलीं कित्येक वर्षें त्याच उद्योगांत आहेत. आडनांव व मूळ गांव सांगून नाशिकच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांतून त्यांनीं सात पिढ्यांचीं नांवें उतरून आणलीं. गेल्या वैशाखांत घरीं मुंज होती. मंडळी जमली असतां त्यांनीं तो वंशवृक्ष सर्वांपुढें पसरला.

आम्ही कौतुकानें पाहूं लागलों आणि एका जागीं अडलों. आमची पणजी बाळंतपणांत वारली. आजोबांना वाढविलें तें त्यांच्या आत्यांनीं. त्या बालविधवा होऊन माहेरीं परतल्या होत्या. त्यांच्या काटकसरीवर आजोबांचें शिक्षण झालें आणि पुढचें सारें घर उभें राहिलें. त्या आत्याबाईंचा वृक्षांत मागमूसहि नव्हता.

आम्हीं विचारलें तेव्हां काका म्हणाले, "लग्न झालें तेव्हांच त्यांचें गोत्र बदललें. परगोत्रांत गेलेली मुलगी आपल्या वंशांत कशी दाखवावी?"

उत्तर आम्हांस सुचलें नाहीं. तें दिलें आजोबांच्या वहीनें. महालयाच्या तर्पणासाठीं त्यांनीं स्वहस्तें नांवें लिहून ठेविलीं होतीं. पिता, पितामह, प्रपितामह. माता, पितामही, प्रपितामही. मग चुलते, मामा. आणि पुढें 'पितृष्वसा' या शब्दासमोर आत्याबाईंचें नांव, सासरच्या गोत्रासह! शास्त्रानें गोत्र वेगळें मानलें, पण म्हणून आठवण नाकारली नाहीं. जी तिलोदकास चालते, ती कागदास कां चालूं नये? शिवाय २००५ सालच्या दुरुस्तीनें कायद्यानेंहि मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलाप्रमाणें जन्मतःच हक्क दिला आहे. मिळकतींत वाटा, पण वंशावळींत जागा नाहीं, हा न्याय विचित्रच.

काकांनीं ती वही दोनदां वाचली. कांहीं बोलले नाहींत. चष्मा पुसला, शिसपेन्सिल मागितली आणि पणजोबांच्या नांवाशेजारीं एक रेघ ओढली.

मग प्रत्येक पिढींतील मुलींची चौकशी सुरू झाली. बहुतेकींचीं नांवें सांपडलीं नाहींत. सासरीं तबकांतील तांदुळांत नवें नांव लिहिलें गेलें, आणि माहेरचें नांव त्या नांवानें हांक मारणाऱ्यांबरोबरच गेलें.

वाचकांस आमची एवढीच विनंती कीं, घरांत वृद्ध आत्या, मावशी आहेत तोंवर त्यांच्याजवळ बसून हीं नांवें लिहून घ्यावीं. पुरुषांचीं नांवें उपाध्यायांच्या वहींत उद्यांहि मिळतील. हीं मिळणार नाहींत.