नायक आणि सांगाती

‘पोकेमॉन मिस्टरी डंजन’ या खेळाचा पहिला अवतार 2005 साली जपानात निघाला. अक्राळविक्राळ प्राण्यांनी भरलेल्या भुयारांतून मजल्यामागून मजला ओलांडायचा, सफरचंदे खाऊन भूक भागवायची आणि आत अडकलेल्यांना सोडवून आणायचे, एवढेच त्याचे कथानक. भुयाराचा नकाशा दर खेपेला नवा, म्हणून पाठांतर येथे कामास येत नाही. आपण एक पाऊल टाकले की शत्रूही एक पाऊल टाकतो. त्यामुळे बुद्धिबळाप्रमाणे विचाराला अवकाश मिळतो.

खरी मौज आरंभीच आहे. मूळ खेळात नायक आपण निवडायचा नसतो. खेळच आपल्याला स्वभावाविषयी प्रश्न विचारतो आणि उत्तरांवरून सोळांपैकी एक रूप पदरात घालतो. आग ओकणारा चारमँडर मनात धरून बसलेल्याच्या वाट्याला सतत डोके दुखणारे सायडक नावाचे बदक येऊ शकते. (2020 च्या नव्या आवृत्तीत हे दान नाकारण्याची मुभा आहे. मला ती सवलत रुचली नाही.) सांगाती मात्र आपण निवडायचा, अट एकच, तो नायकाच्याच वर्गातला नसावा. मुले येथे हमखास रुसतात. त्यांना दोन अग्नी हवे असतात. पण जलवर्गाचा एकच शत्रू दोघांनाही भारी पडेल, तेथे वनस्पतिवर्गाचा सांगाती टिकाव धरतो, हे त्यांना चार वेळा हरल्यावर उमगते. शिवाय मुख्य कथा संपेपर्यंत दोघांपैकी कोणीही मूर्च्छित पडला, तरी गाठीचे पैसे गमावून दोघांनाही बाहेर पडावे लागते.

उज्जैनच्या मराठी घरांना हे नवलाचे वाटू नये. राणोजी शिंदे रणांगणावरचे. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर सारस्वत, कारभारात मुरलेले. महाकाळाच्या देवळाचा अठराव्या शतकातील जीर्णोद्धार या दिवाणांच्याच नावावर आहे. राणोजींनी आपल्याच धाटणीचा दुसरा शिलेदार जवळ केला असता, तर मुलूख जिंकला गेला असता, पण त्याची घडी कोणी बसवली असती?

खेळातला आणखी एक नियम मला याच नगरीचा वाटतो. नायकाने स्वतः अगदी जवळ जाऊन लोळवलेला प्राणी कधीकधी ‘मलाही बरोबर घ्या’ म्हणतो. वेताळपंचविशीतल्या विक्रमाने प्रेतातला वेताळ खांद्यावर घेतला, तो काही मित्र म्हणून नव्हे. एका योग्याला दिलेल्या शब्दासाठी. वाटेत तो कोडी घालून राजाला बोलते करी आणि पुन्हा झाडावर जाऊन लटके. शेवटी तो योगीच राजाचा बळी देणार आहे, हे सांगितले कोणी, तर त्या वेताळाने.

माझ्या नातवाने वेताळाला भूतवर्गात बसवले आहे. विक्रमाचा वर्ग कोणता, यावर आमचा वाद अजून चालू आहे.