वहीतले सात जण

चार वर्षांपूर्वी राखेच्या बुधवारी मी एक वही घातली. उपवासकाळात कोणी मटण सोडतं, कोणी टीव्ही. आमच्या पाळकांनी त्या वर्षी वेगळंच सांगितलं : काही सोडू नका, माणसांवर प्रेम करायला शिका, आणि तेही ठरवून. माझी सारी नोकरी हिशेब लिहिण्यात गेली. 'ठरवून' हा शब्द ऐकला आणि येताना दोनशे पानी वहीच घेऊन आलो. सात वार, सात नावं. भेट झाली की नावापुढे बरोबरची खूण.

याला मी दाखलाही शोधून ठेवला होता. जे. सी. कुमारप्पा हिशेबतपासनीस होते, ख्रिस्ती होते, आणि 1934 पासून आमच्या वर्ध्यातच, मगनवाडीत, ग्रामोद्योग संघ चालवत होते. त्यांनी हिशेब गरिबाच्या पोटाचा केला, मी माझ्या पुण्याचा. हा फरक तेव्हा दिसला नाही.

गुरुवार दत्तपूरचा. मनोहर दिवाणांनी 1936 साली उभं केलेलं कुष्ठधाम आमच्यापासून सायकलच्या टप्प्यात आहे. मी केळी नेऊन द्यायचो आणि उभ्याउभ्या परत यायचो. मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर केळ्यांचा फोटो मात्र न चुकता जायचा.

बुधवार होता मागच्या गल्लीतल्या आजींचा. एकट्या राहतात, गुडघे गेलेले. मी अर्धा तास बसायचो, औषधं आणून द्यायचो, प्रार्थना करायचो. त्या विठ्ठलाच्या भक्त, तरी डोळे मिटून ऐकून घ्यायच्या. एका बुधवारी औषधाची पट्टी हातात घेत त्या म्हणाल्या, "शनवारी मले ताप होता. तू समोरून गेला, म्या हात केला. पण तुहा वार बुधवार हाय नं, बापा."

टोमणा नव्हता तो. दूधवाल्याची वेळ सांगावी तसं सांगितलं. आणि खरं म्हणजे शनिवारी मला त्यांचा हात दिसला होता. शनिवार दुसऱ्याचा होता, उशीर होत होता, म्हणून पायडल मारत पुढे गेलो. ही गोष्ट मी बायकोलाही बरेच दिवस सांगितली नाही. त्या रात्री वहीत बुधवारपुढे खूण मात्र केली.

पुढे पाहुण्यांना घेऊन सेवाग्रामला गेलो. बापूकुटी पाहून झाल्यावर परचुरे शास्त्रींच्या कुटीपाशी थांबलो. अनेकदा पाहिलेली जागा. संस्कृतचे पंडित, कुष्ठरोग झालेला, आश्रमात स्वतःहून आले. गांधीजींनी त्यांना आपल्याजवळच ठेवून घेतलं, स्वतःच्या हातांनी मालिश केली. पाहुण्यांना हे सांगता सांगता माझी जीभ अडखळली. शास्त्रीबुवा कुणाच्या यादीत नव्हते. ते दारात आले होते.

माझ्या यादीतले सातही जण मी निवडलेले. सगळे माझ्यापेक्षा गरजू, म्हणजे माझे आभार मानणारे. उलटं बोलेल असा एकही नाही. सख्खा धाकटा भाऊ हिंगणघाटला राहतो, त्याचं नाव तर कुठल्याच पानावर नव्हतं. आईच्या दवाखान्याच्या खर्चावरून आमचं नऊ वर्षं बोलणं बंद. त्याने पैसे दिले नाहीत हे मी मंडळीत चारचौघांसमोर बोललो होतो, प्रार्थनेची विनंती म्हणून! निंदेला एवढी सोवळी जागा दुसरी मिळाली नसती. त्या वर्षी त्याचं कपाशीचं पीक बुडालं होतं, हे मला माहीत होतं. ते मी विनंतीत घातलं नव्हतं.

ठरवून प्रेम करणं चूक, असं मी म्हणत नाही. आपोआप प्रेम करण्याइतका मी चांगला नाही, त्यामुळे ठरवावं तर लागतंच. वही तेवढी रद्दीत घातली. आजींकडे आता वार न पाहता जातो, कधी चहा त्याच करतात. हिंगणघाटला दोनदा जाऊन आलो. पहिल्या वेळी भाऊ घरी नव्हता. दुसऱ्या वेळी होता. पाणी दिलं, चहाचं विचारलं नाही.